चाचणी क्रमांक चार

३ तारीख, सोमवार

नवी वही काढली. आमच्या विभागात आजपासून जे सुरू झालंय ते उद्या कसंही वळलं, तरी कुणीतरी खरं लिहून ठेवलेलं असावं. सिस्टर म्हणतात, तुम्हाला लिहायची खाज आहे. असू दे.

आजवर पक्षाघाताचा झटका आलेला माणूस सहा तासांच्या आत पोचला, तरच त्याच्या डोक्यातली गुठळी काढायचा प्रयत्न व्हायचा. उशिरा आला की आम्ही हात वर करायचो. आता नव्या स्कॅनमध्ये डोक्यातल्या रक्तवाहिन्या स्वच्छ दिसणार. कुठली तुंबलीय आणि तिच्या पलीकडचा मेंदू अजून जिवंत आहे का, हे बघायचं आणि मग ठरवायचं. घड्याळ नाही, चित्र बघायचं. यासाठी डॉक्टर दोन वर्षं वरच्या मजल्यावरच्या साहेबांशी भांडले. जांघेतून तार घालून डोक्यापर्यंत न्यायची आणि जाळीत गुठळी पकडून ओढून आणायची, हे त्यांचं काम. स्वतःला ते प्लंबर म्हणवतात. चित्रं काढायचं काम माझं. एकवीस वर्षं तेच करतेय.

चाचणीला पेशंट घेता येत नाही, म्हणून आम्हीच एकेक जण मशीनमध्ये आडवे झालो. सिस्टरांनी सकाळीच यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती: एक, वॉर्डातले मामा. दोन, सिस्टर. तीन, काउंटरवरची ताई. चार, डॉक्टर. पाच, मी. चित्रावर नाव घालत नाहीत. मशीन आपलं ओळीनं नंबर देत जातं.

इथला जुना नियम असा, की आपल्या माणसाचं चित्र वाचायचं नाही. कडा स्वच्छ आल्या की नाही तेवढं बघायचं आणि पुढं जायचं. मागं एका टेक्निशियननं चाचणीत आपल्याच मैत्रिणीच्या डोक्यात डाग बघितला आणि सांगून टाकलं. डाग कसला, मैत्रीण हलली होती म्हणून उमटलेली सावली. पण ती वर्षभर झोपली नाही, शेवटी नोकरी सोडून गेली. तेव्हापासून डॉक्टरांनी हा नियम घातला, आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही.

मशीन आज दिवसभर कंपनीच्या इंजिनिअरच्या ताब्यात होतं. डॉक्टर खिसे रिकामे करत होते तेवढ्यात त्यांना वॉर्डातून फोन आला, म्हणून त्यांच्या आधी मीच जाऊन पडले. उठले तर डोळ्यांपुढं अंधारी. सकाळपासून पोटात काही नव्हतं, दुसरं काय. तशीच उठून चहाला गेले.

घरी अण्णांना सांगितलं, आज माझं डोकं तपासलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. म्हणाले, "सापडलं का काही आत?"

४ तारीख, मंगळवार

नियम मोडला. लिहूनच टाकते.

कडा बघत होते. एक स्वच्छ, दोन स्वच्छ, तीनमध्ये ताई हललीय, तिला कधी स्वस्थ पडवतच नाही. चार उघडलं आणि बोट माऊसवरच थांबलं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या झाडासारख्या दिसतात, खोड आणि फांद्या. चार नंबरच्या एका जाड फांदीला मध्येच एका जागी कुणीतरी दोरा बांधून आवळल्यासारखं झालंय. पलीकडे फांदी आहे, पण फिकी. तीन वेळा मोठं करून बघितलं. सावली नव्हती ती. सावली कशी दिसते ते मला कळतं.

पडद्यावर उजवीकडे होतं, म्हणजे माणसाची डावी बाजू. आमच्याकडे सगळं असं उलटं असतं, आता सवय झालीय. आणि मेंदूची डावी बाजू म्हणजे उजवा हात आणि बोलणं.

कपाट उघडून यादी बघितली. चार, डॉक्टर.

तार फिरवतात तो त्यांचा उजवाच हात आहे.

६ तारीख, गुरुवार

पहिला पेशंट. एक सुतार, झटका येऊन अकरा तास झालेले. पूर्वी याला नुसती खाट दिली असती. चित्र काढलं: फांदी बंद, पण पलीकडचा मेंदू तग धरून. डॉक्टर म्हणाले, "चला, नळ तुंबलाय." पाऊण तासात गुठळी बाहेर, तांदळाच्या दाण्याएवढी. त्या माणसानं टेबलावरच मूठ आवळून दाखवली. बाहेर त्याच्या बायकोनं सिस्टरांचे दोन्ही हात धरले आणि सोडीचना. मलाही रडू आलं, लपवत नाही.

दुपारी एक चमत्कारिक गोष्ट झाली. चहाचा कप मी कीबोर्डच्या उजवीकडे ठेवला होता. बघते तर कप नाही. खाली फुटून पडलाय, चहा बुटांवर. आवाजसुद्धा ऐकला नाही मी. मामांना विचारलं, इकडे कोण आलं होतं? ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच ढकललात की हातानं." मी नाही ढकलला. मामांचा चष्मा बदलायला झालाय.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. उद्या आणायच्या.

१० तारीख, सोमवार

आमच्या खोलीला खिडकी नाही. काचेपलीकडे मशीन आणि अलीकडे मी, इतकंच. एकवीस वर्षांत मला इथं कधी भीती वाटली नाही. आज वाटली.

भर सकाळची वेळ. चित्रं लावत बसले होते आणि माझ्या उजव्या खांद्याशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाऊल वाजलं नाही, श्वास नाही, पण उभं होतं. आपल्या मागं रांगेत कुणी असलं की न बघता कळतं ना, तसं. वळले, कुणी नाही. परत पडद्याकडे बघितलं तर कीबोर्डवर एक हात ठेवलेला. बाईचा हात, बोटं जराशी वाकलेली, अगदी निवांत. मला वाटलं सिस्टर आल्या. म्हटलं, हात काढा हो, मला टाइप करायचंय. हात हलेना. मग अंगठी दिसली. माझी अंगठी.

दोन मिनिटं असतील. मग तो हात हळूहळू माझा झाला. मुंग्या आल्या होत्या, बाकी काही नाही. हातावर रेलून बसलं की येतात. पण अंगावरचा काटा जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेला नाही.

चार नंबर आज परत बघितला. दिवसातून एकदा बघतेच आता. त्या फांदीचं वळण न् वळण पाठ झालंय. एक आकडीसारखं वळण आहे, मग ती आवळलेली जागा, मग दोन फाटे. डॉक्टर पलीकडच्या खोलीत हसत होते. या माणसाला काहीच माहीत नाही, आणि मला माहीत आहे. जीव टांगणीला लागलाय माझा.

१२ तारीख, बुधवार

आज एक म्हातारी शिक्षिका आली. तिची उजवी बाजू गेलेली, बोलणं मात्र तुटक तुटक येत होतं. मशीनमध्ये घालण्याआधी मी तिच्या डोक्याशी उशी लावत होते. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "तुमचा अर्धा चेहरा... कुणी पुसला?"

डॉक्टर म्हणाले, तिला एका बाजूचं दिसत नाहीये, त्यातलाच प्रकार. मीही पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगते. तरी मी हळूच गालावरून हात फिरवला.

तिचीही गुठळी निघाली. संध्याकाळी वॉर्डात गेले तर बाई बसून पाणी पीत होती. मी गमतीनं विचारलं, "आता दिसतो का सगळा चेहरा?" तिनं पेला खाली ठेवला, सावकाश बघितलं आणि म्हणाली, "बाकी सगळ्यांचे दिसतात."

तडक आरशापाशी गेले. चेहरा जसाच्या तसा होता, ओठबीठ सगळं जागच्या जागी. वय झालेली माणसं काहीही बोलतात.

१४ तारीख, शुक्रवार

अण्णांशी वाजलं. त्यांनी चाळीस वर्षं कपडे शिवले, दुकान बंद केलं तरी नजर गेली नाही. माझे एप्रन अजून तेच शिवतात. आज नवा घालून बघ म्हणाले आणि माझ्याभोवती दोन चकरा मारल्या.

"सूनबाई, तुझा उजवा खांदा उतरलाय."

"तुमचीच कात्री चुकली असेल."

"कात्री नाही चुकली. बोटभर उतरलाय. मागच्या महिन्यात नव्हता." मग म्हणाले, "आणि तू मघाशी मला टेप दे म्हणायच्या ऐवजी चमचा दे म्हणालीस. दोनदा."

मी म्हटलं, दिवसभर राबून आले की माणसाचे खांदे उतरतातच, आणि जीभही घसरते. त्यांनी सरळ एप्रनचा उजवा खांदा उसवायला घेतला. सुई चालवताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. उगाच तोडून बोलले मी. त्यांना तरी माझ्याशिवाय कोण आहे.

गोळ्या राहिल्याच. दुकानापुढून गेले तरी आठवलं नाही.

१७ तारीख, सोमवार

आज डॉक्टरांपाशी खडा टाकून बघितला. चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टर, तुम्ही तुमचं बीपी कधी तपासलं होतं?"

"परवाच. का गं? मरायला टेकल्यासारखा दिसतोय का?"

"तसं नाही. साठी आली तुमची. एकदा नीट तपासून घ्या सगळं."

ते हसले. कप खाली ठेवून म्हणाले, "तू माझी काळजी करू नकोस. मध्यंतरी मलाच तुझी काळजी वाटली होती. चाचणीच्या दिवशी पांढरीफटक होऊन बाहेर आलीस. पण तू ठणठणीत आहेस, मला पक्कं माहीत आहे."

पक्कं कसं माहीत, विचारायला हवं होतं. सुचलं नाही. त्यांच्या हाताकडेच बघत होते मी. कपाचा कान धरताना करंगळी थरथरली. निदान मला तरी तसं दिसलं.

मला दोन्हीकडून कात्रीत धरल्यासारखं झालंय. सांगितलं तर नियम मोडतो, आणि तो नियम त्यांचाच. त्या मैत्रिणीसारखं त्यांचं झालं तर हा नवा उद्योगच बंद पडेल, कारण तार फिरवणारे ते एकटेच आहेत. नाही सांगितलं, आणि उद्या कुणाच्या डोक्यात तार असताना यांचाच हात थांबला तर?

१८ तारीख, मंगळवार

मामा म्हणतात, सकाळी मी मशीनच्या दारात पाच मिनिटं नुसती उभी होते. हाका मारल्या तरी वळले नाही. मी म्हटलं, मामा, मी आल्या आल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "चार दिवस सुट्टी घ्या हो. राबराबून भुतासारख्या झालात."

भूत म्हणायला नको होतं त्यांनी. उजव्या खांद्याशी जे उभं राहतं ते आजही येऊन गेलं. मी वळून बघितलं नाही. म्हटलं, उभी राहा बाई, किती वेळ राहतेस ते बघते.

डॉक्टरांनी आज दोन गुठळ्या काढल्या. दुसऱ्या वेळी ते मध्येच थांबले आणि उजवा हात झटकला. शुक्रवारी सांगायचं, ठरलं. मग रागावू देत, नाहीतर काढून टाकू देत.

२१ तारीख, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. खोलीत कुणी नाही. चार वाजता त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगणार. वाक्य तयार करून ठेवते, म्हणजे ऐनवेळी ततपप नको.

डॉक्टर, मी नियम मोडला. तुमच्या डोक्यात डाव्या बाजूला एक बाही आवळली आहे.

बाही नाही. ते दुसरं. फांदी नाही, तिला नाव आहे, एकवीस वर्षं रोज म्हणते मी ते नाव. शब्द समोर उभा आहे पण तोंड फिरवून.

डॉक्टर तुमच्या डोक्यात चमचा

ती आली आहे. उजवीकडे. आज बसली शेजारी. पेन तिनं धरलंय मी नाही

मी ना

२९ तारीख, शनिवार

डाव्या हातानं. वाकडं येतंय. चालेल.

जगले.

३१ तारीख, सोमवार

रोज थोडं थोडं लिहायचं, असं सिस्टर म्हणतात. शब्द परत येतात. काही येत नाहीत, मग दुसरे घेते.

मामांना मी खुर्चीखाली सापडले. तोंड वाकडं, बोलणं बंद. मामांनी डॉक्टरांचीही वाट बघितली नाही, ट्रॉली ढकलत थेट मशीनपाशी आणली. माझी खुर्ची रिकामी, म्हणून चित्र सिस्टरांनी काढलं. मी शिकवलं होतं त्यांना, थोडं.

मग टेबल. जांघेत सुई टोचली ते आठवतं. पूर्ण झोपवत नाहीत. मान वळली होती आणि पडदा समोर होता. पडद्यावर झाड. मी बघितलं आणि लगेच ओळखलं. आकडीसारखं वळण, मग ती आवळलेली जागा, आणि पुढं काहीच नाही. दोन्ही फाटे गेलेले. नुसतं काळं.

चार नंबर. डॉक्टरांचं डोकं.

मला वाटलं, हा माणूस स्वतःच्याच डोक्यात तार घालतोय आणि त्याला माहीत नाही. आता हा पडणार. मी ओरडत होते, थांबा, हे तुम्हीच आहात. सिस्टर सांगतात, मी नुसतं "चमचा, चमचा" म्हणत होते. डॉक्टर पडद्याकडे बघत होते. तार वर वर गेली, त्या जागेशी थांबली, मग पार. ओढली. एकदा. परत एकदा. आणि काळ्यातून दोन्ही फाटे हळूहळू उमटले.

त्या क्षणी माझ्या उजव्या खांद्याशी जे होतं ते उठून गेलं. मला वाटलं, आता ते डॉक्टरांकडे जाणार. खूप रडले.

२ तारीख, बुधवार

आज डॉक्टर येऊन बसले. बराच वेळ चादरीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तुझं त्या दिवसाचं चित्र आणि चाचणीचा चार नंबर, दोन्ही शेजारी लावले. एकच डोकं आहे."

मी मान हलवली. मलाही इथं पडल्या पडल्या कळलं होतं.

"मी नियम मोडला होता," ते म्हणाले. "तू मशीनमधून पांढरी होऊन आलीस म्हणून. दुसऱ्या दिवशी यादी बघितली आणि पाच नंबर उघडला. स्वच्छ होता. कप पाडलास, शब्द चुकलीस, मामा येऊन सांगून गेले, सिस्टर सांगून गेल्या, तरी मी प्रत्येक वेळी म्हटलं, नाही, मी स्वतः बघितलंय, हिच्या डोक्यात काही नाही." त्यांनी चादरीची घडी सोडून दिली. "ते माझं डोकं होतं गं. मी माझं बघून तुझ्यावर निर्धास्त झालो."

मला शब्द जुळवायला वेळ लागतो. ते थांबले.

म्हटलं, "मी चार बघितला. रोज. तुमचा म्हणून."

दारात अण्णा डबा घेऊन उभे होते. डॉक्टर उठून त्यांच्यासमोर गेले आणि वाकून नमस्कार केला. अण्णांना काही कळेना. त्यांनी डबाच त्यांच्या हातात दिला.

६ तारीख, रविवार

घरी. आवळलेली जागा आहे तशीच आहे. रक्त पातळ ठेवायच्या आणि दाबाच्या, अशा दोन गोळ्या आता जन्मभर. अण्णा त्या स्वतः हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत हलत नाहीत.

दुपारी ही वही पहिल्या पानापासून वाचली. वाचायलाही वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. पहिल्याच पानावर सापडलं, माझ्याच अक्षरात, चांगल्या सरळ ओळीत: डॉक्टरांना फोन आला म्हणून त्यांच्या आधी मीच जाऊन पडले. मशीन ओळीनं नंबर देतं, हेही त्याच पानावर, त्याच्या थोडं वर. अठरा दिवस या वहीत लिहीत होते. एक पान मागं गेले नाही.

अक्षर बघत बसले. ते त्या हाताचं आहे, जो कीबोर्डवर निवांत पडला होता आणि ज्याला मी सिस्टरांचा समजून काढा म्हटलं होतं. बिचारा तेव्हाच सांगत होता.

अण्णा समोर बसून एप्रनचा उजवा खांदा परत पूर्वीच्या मापाला शिवत होते. मी म्हटलं, अण्णा, अजून उतरलेलाच आहे तो. म्हणाले, "माहीत आहे. मी शिवून ठेवतो. तू ये मापात सावकाश."

खालची ओळ उजव्या हातानं लिहिते आहे. त्यांनी मनगट धरलंय.

पाच, डॉक्टर. चार, मी.